रिप्रॉडक्शनवर राग नको, पण धातूत कोरलेली खूण हवीच

संपादक महोदय,

रविवार पुरवणीत जुन्या खेळण्यांच्या संग्रहावर जो लेख आला त्यात टॉय ट्रेनबद्दल जेमतेम एक परिच्छेद होता आणि त्यातही एकच गोष्ट ठासून सांगितली होती, की हल्ली बाजारात येणारी जुन्या गाड्यांची रिप्रॉडक्शन्स (नव्याने बनवलेल्या हुबेहूब प्रती) म्हणजे नकली माल, खऱ्या संग्राहकाने त्याला हात लावू नये. मी बरीच वर्षं या नादात आहे, पत्र्याच्या गाड्या जमवतो, दुरुस्त करतो, आणि चालवतो पण, म्हणून राहवलं नाही. असं सरसकट लिहिणं म्हणजे साप म्हणून भुई धोपटणं झालं. जिथे खरा धोका आहे ती गोष्ट लेखात आलीच नाही, आणि ज्यात काही वाईट नाही त्याला मात्र नावं ठेवली गेली.

आधी कॉपी कशाची होते ते सांगायला हवं कारण त्याशिवाय लोकांना यात एवढं काय आहे ते कळत नाही. जर्मनीच्या मार्कलिन कंपनीने १८९१ मध्ये लाइपझिगच्या मेळ्यात रूळ आणि डबे ठरावीक गेजमध्ये, म्हणजे रुळांमधल्या ठरावीक अंतराचे, आणले आणि तिथून पुढे एक डबा आज, एक पुढच्या वर्षी असा सेट वाढवता यायला लागला. अमेरिकेत लायोनेल कंपनीने १९०६ मध्ये स्वतःचं वेगळं गेज काढलं, त्याला नाव दिलं स्टँडर्ड गेज, रुळांमधलं अंतर जवळजवळ ५४ मिलिमीटर, म्हणजे आपण आज बघतो त्या छोट्या मॉडेलांपुढे ही गाडी हत्तीच वाटते. जाड पत्रा, भट्टीत भाजलेला चकचकीत एनॅमल रंग, पितळी कडा, पितळी नावाच्या पट्ट्या. ब्रिटनमध्ये फ्रँक हॉर्नबीने १९२० मध्ये चावीच्या गाड्या आणल्या. या सगळ्याचा खरा बहर १९२० च्या दशकात होता, मग मंदी आली, मग युद्ध आलं, आणि १९४० च्या आसपास लायोनेलचं स्टँडर्ड गेज बंदच पडलं. म्हणजे मोठे, भारी सेट बनलेच थोडी वर्षं, आणि त्या वर्षांत ते घेऊ शकणारी घरंही थोडीच होती. मागे राहिले ते मोजके, त्यातलेही बरेच गंजलेले, पोचे आलेले, डबे हरवलेले.

ही पोकळी भरायला १९७० च्या दशकात अमेरिकेत विल्यम्स नावाच्या छोट्या कंपनीने जुन्या लायोनेल आणि आयव्हज या अमेरिकी कंपन्यांच्या स्टँडर्ड गेज गाड्या पुन्हा बनवायला घेतल्या. पुढे एमटीएच या कंपनीने हेच काम खूप मोठ्या प्रमाणावर केलं, काही काळ तर खुद्द लायोनेलच्या नावाखाली. ब्रिटनमध्ये एस ट्रेन्सने जुन्या हॉर्नबीच्या धाटणीच्या पत्र्याच्या गाड्या काढल्या. मार्कलिननेही आपल्याच जुन्या गाड्यांच्या प्रतिकृती काढल्या. हे कोणीही चोरून, अंधारात केलेलं नाही, कॅटलॉग छापून, जाहिरात करून विकलेलं आहे. याला नकली म्हणायचं तर मग मूळ कंपनीने स्वतःच पुन्हा काढलेल्या इंजिनाला काय म्हणायचं? लायोनेलचं ७००ई हडसन इंजिन १९३७ चं, अगदी बारीक तपशिलासह केलेलं, संग्राहक त्याच्यासाठी जीव टाकतात, तेच इंजिन लायोनेलने १९९० मध्ये पुन्हा काढलं. आणि १९७० मध्ये लायोनेलच्या गाड्या जनरल मिल्स या खाद्यपदार्थांच्या कंपनीकडे गेल्यावर कितीतरी जुन्या साच्यांतूनच नवा माल निघत राहिला, साचा तोच, नाव तेच, फक्त मालक वेगळा. तो ओरिजिनल की रिप्रॉडक्शन? यावर माझ्या ओळखीतले दोन संग्राहक भेटले की हमखास जुंपते. माझं मत विचाराल तर साच्यापेक्षा वर्ष महत्त्वाचं, वस्तू ज्या वर्षी बनली त्या वर्षाची, मग ती कुठल्याही साच्यातून येवो.

आता संग्राहकांचं म्हणणं. एक गट कट्टर आहे, त्यांना रिप्रॉडक्शन कपाटात ठेवलेलंही चालत नाही. त्यांचं म्हणणं मी पोरकट म्हणून उडवून लावणार नाही, कारण त्यात तथ्य आहे. नव्वद वर्षांपूर्वीच्या इंजिनावर ज्या मुलाने ते जमिनीवर आपटलं त्याचा पोचा असतो, कोणीतरी घरच्या ब्रशने दिलेला हिरवा रंग असतो, त्या काळच्या कारखान्यातल्या बाईने भाग जोडायला हाताने वळवलेल्या पत्र्याच्या जिभा असतात. नव्या गाडीत हे येऊच शकत नाही, कितीही हुबेहूब केली तरी. जुनी वस्तू हा एक पुरावा असतो आणि पुराव्याची कॉपी म्हणजे पुरावा नाही, हे मला शंभर टक्के मान्य.

दुसरा गट गाड्या चालवणाऱ्यांचा. त्यांना रूळ टाकून, दिवे लावून, डबे ओढताना बघायचंय आणि त्यात गैर काय आहे, गाडी त्यासाठीच तर बनली होती ना. लायोनेलचं ३८१ई नावाचं इलेक्ट्रिक इंजिन १९२८-२९ च्या सुमाराला आलं आणि त्याच्यामागे लावायला चार मोठे डबे होते, कॅलिफोर्निया, कोलोरॅडो, इलिनॉय आणि न्यूयॉर्क अशी राज्यांची नावं असलेले, म्हणून त्याला स्टेट सेट म्हणतात. डबे इतके जड झाले की एका मोटरच्या त्या इंजिनाला चारही डबे ओढवेनात, मग कंपनीने सेटबरोबर दोन मोटरचं ४०८ई द्यायला सुरुवात केली. आजच्या काळात केलेली या सेटची कॉपी नव्या मोटरवर हे चारही डबे आरामात फिरवते. ज्याच्याकडे ओरिजिनल आहे तो ते कपाटातून काढायला घाबरतो, चाक तुटलं तर, रंग उडाला तर. ज्याच्याकडे कॉपी आहे त्याच्या घरातली पोरं ती गाडी धावताना बघतात. आणि पोरांच्या हातात द्यायचीच असेल तर कॉपीच द्यावी असं माझं स्पष्ट मत आहे, कारण जुन्या रंगात शिसं असतं (अमेरिकेत खेळण्यांच्या रंगातल्या शिशावर बंदी आली तीच मुळी १९७८ मध्ये) आणि जुन्या ट्रान्सफॉर्मरच्या वायरवरचं कापड आणि रबर भुगा होऊन पडत असतं, त्याला हात लावायला मीसुद्धा दहा वेळा विचार करतो.

तिसरा गट दुरुस्तीवाल्यांचा, मी मनाने त्यांच्यातला. लेखकाने यांचा विचारच केला नाही. १९२० आणि ३० च्या दशकात चाकं, खिडक्यांच्या चौकटी वगैरे जस्ताच्या मिश्रधातूत ओतायचे आणि त्या जस्तात शिसं वगैरे अशुद्ध काही राहिलं की काही वर्षांनी तो भाग आतून फुगतो, आधी केसासारख्या भेगा पडतात, मग चाक इतकं फुगतं की इंजिन रुळावर बसत नाही, आणि शेवटी बोटाने दाबलं तरी खडीसाखरेसारखं तुटून पडतं. याला झिंक पेस्ट म्हणतात, पेस्ट म्हणजे लेप नव्हे, इंग्रजीतली कीड. यावर औषध नाही. गंज घासून काढता येतो, हा काढता येत नाही कारण रोग धातूच्या पोटात असतो. १९२९ च्या सुमाराला अतिशुद्ध जस्त वापरून झामक नावाचा मिश्रधातू आला तेव्हा कुठे सुटका झाली, तीही लगेच सगळीकडे नाही. अशी इंजिनं आज रुळावर उभी आहेत ती फक्त कोणीतरी नवीन चाकं ओतून विकतं म्हणून. ती चाकं पण रिप्रॉडक्शनच की. ती नकोत म्हणायचं तर निम्मी जुनी इंजिनं पोटावर बसवून ठेवायला लागतील.

अर्थात रिप्रॉडक्शनचं सगळंच गोड आहे असं मी म्हणत नाही. १९३० च्या इंजिनाची मोटर पन्नास वर्षं माळ्यावर पडलेली असली तरी कम्युटेटर (मोटरमधला वीज पोचवणारा फिरता तांब्याचा भाग) साफ केला, कार्बन ब्रश बदलले, बेअरिंगला थेंबभर तेल दिलं की बहुतेक वेळा ती घरघरत उठते आणि तो गरम तेलाचा वास खोलीभर पसरतो. नव्या गाडीत सर्किट बोर्ड असतो, आवाजाची चिप असते, ती गेली की इंजिन मुकं आणि बऱ्याचदा जागेवर ठप्प, आणि वीस-पंचवीस वर्षांपूर्वीचा बोर्ड शोधायचा म्हणजे दारोदार फिरायचं. म्हणून मी विचारणाऱ्यांना सांगतो की साध्या मोटरचं, कमीत कमी इलेक्ट्रॉनिक्सचं मॉडेल मिळत असेल तर तेच घ्या. आणि झिंक पेस्ट फक्त जुन्यांचाच रोग आहे असंही समजू नका, २००० नंतर बनलेल्या काही मॉडेल गाड्यांच्या ओतीव भागांतही तो निघालेला आहे, कारखान्यात धातूच्या शुद्धतेकडे दुर्लक्ष झालं की दुसरं काय होणार.

पण ज्यासाठी हे पत्र लिहायला बसलो ते वेगळंच आहे. रिप्रॉडक्शन विकत घेताना ते रिप्रॉडक्शन असतं, पहिल्या मालकाला पक्कं माहीत असतं. अडचण तिसऱ्या-चौथ्या मालकापाशी येते. विल्यम्सच्या सुरुवातीच्या गाड्यांना आता पन्नास वर्षं होऊन गेली, म्हणजे त्या स्वतःच जुन्या झाल्यात, त्यांच्या रंगावर धूळ बसलीय, पितळ काळं पडलंय, चाकं झिजलीत. मूळ मालक गेला, मुलांना काही माहीत नाही, खोकं कधीच फेकून दिलं, आणि खालची कंपनीची पट्टी चार जिभा सरळ केल्या की निघते. मग ती गाडी कोणाच्या तरी टेबलावर १९२९ ची ओरिजिनल म्हणून येते. विकणारा लबाड असेलच असं नाही, कित्येकदा त्यालाही तसंच सांगितलेलं असतं.

माझ्या एका स्नेह्याने असंच एक स्टँडर्ड गेज इंजिन घेतलं, ओरिजिनल, थोडं टचअप केलेलं, असं सांगून त्याला विकलं होतं. तो ते मला दाखवायला घेऊन आला तेव्हा वरून बघताना मलाही चांगलं वाटलं, रंगाची छटा बरोबर होती, पितळावर हवा तसा काळपटपणा होता. मग आम्ही वरचं कवच काढलं. आत वायरी होत्या त्या कापडी वेटोळ्याच्या हव्यात, इथे प्लास्टिकचं आवरण, त्याच्यावर तपकिरी रंग फासलेला. नखाने खरवडला तसा रंग निघाला आणि खाली लालभडक प्लास्टिक. फ्रेमच्या आतल्या बाजूला दोन भोकं कसल्यातरी लांबीने बुजवलेली, ओरिजिनल इंजिनात त्या जागी भोक असायचं काही कारणच नाही, नव्या इंजिनात मात्र तिथे बोर्ड बसवायचा स्क्रू येतो. आणि तळाच्या पत्र्यावर टॉर्च अगदी आडवा धरला तेव्हा एक अंगठ्याएवढा चौकोन दिसला जिथला पत्रा बाकीपेक्षा किंचित खोल होता आणि त्यावर पॉलिश पेपरच्या एकाच दिशेने गेलेल्या बारीक रेघा होत्या, वरून रंग मारलेला. तिथे काहीतरी छापलेलं होतं आणि कोणीतरी बसून, वेळ काढून ते घासून टाकलं होतं. स्नेही काही बोललाच नाही बराच वेळ, इंजिन परत जोडायचं सुद्धा त्याला सुधरेना, ते मीच जोडलं.

हे काम रिप्रॉडक्शन बनवणाऱ्याने केलेलं नाही. त्याने त्याचं नाव छापलं होतं. पण असं छापलं होतं की ते घासून काढता यावं, आणि माझी तक्रार तिथे आहे.

फसवणूक तर कॉपी यायच्या आधीपासून चालतच होती. लायोनेलने १९५७ मध्ये मुलींसाठी म्हणून गुलाबी इंजिन आणि फिक्या रंगांच्या डब्यांचा सेट काढला, तो तेव्हा चालला नाही, आणि चालला नाही म्हणूनच पुढे दुर्मिळ झाला. मग साध्या काळ्या इंजिनांना गुलाबी रंग देऊन तोच सेट म्हणून खपवायचे प्रकार सुरू झाले. त्याला रिप्रॉडक्शन लागलं नाही, एक रंगाचा डबा पुरला. खोक्यांचं तर विचारूच नका. जुन्या गाडीपेक्षा कधीकधी तिच्या पुठ्ठ्याच्या खोक्यालाच जास्त मागणी असते, म्हणून नवीन छापलेली खोकी उघड मिळतात, शेल्फवर छान दिसावं म्हणून घेणारे घेतात, आणि काही वर्षांनी तेच खोकं ओरिजिनल खोक्यासकट या शब्दांत विकलं जातं. यावर एक सोपी तपासणी आहे ती सगळ्यांनी माहीत करून घ्यावी. अंधारात अल्ट्राव्हायोलेट टॉर्च मारा. साधारण १९५० च्या आधीच्या कागदात कागद पांढरा दिसावा म्हणून घालतात ती चमकणारी रसायनं नसायची, त्यामुळे जुना कागद मळकट, मेलेला दिसतो आणि नवा निळसर पांढरा उजळतो. दुसरं म्हणजे भिंगातून छपाई बघा, जुन्या खोक्यावर नारिंगी म्हणजे सपाट नारिंगी शाई, तर नव्यावर बऱ्याचदा ठिपक्या-ठिपक्यांनी बनलेला नारिंगी. एवढं बघायला दोन मिनिटं लागतात. चमकलं म्हणजे कागद साधारण १९५० नंतरचा हे जवळजवळ नक्की, पण नाही चमकलं म्हणजे जुनंच हे मात्र नक्की नाही, जुना कोरा कागद मिळवून छापणारेही असू शकतात.

या छंदातल्या लोकांना हे कळत नाही असं नाही. १९५४ मध्ये स्थापन झालेल्या अमेरिकेच्या ट्रेन कलेक्टर्स असोसिएशनने वस्तूच्या अवस्थेच्या पायऱ्या ठरवून दिल्या आणि मेळाव्यात पुन्हा रंगवलेली, दुरुस्त केलेली वस्तू तशी जाहीर करूनच टेबलावर मांडायची हा दंडक पाडला. ब्रिटनमध्ये हॉर्नबी गाड्यांच्या संग्राहकांची संघटना १९६९ पासून आहे. पण संघटनेचा नियम सभासदापुरता, आणि विक्री आता मेळाव्यापेक्षा मोबाइलवर जास्त होते. कायद्याचं बघाल तर अमेरिकेत १९७३ चा हॉबी प्रोटेक्शन ॲक्ट आहे, त्यात जुन्या नाण्याची नक्कल केली तर तिच्यावर कॉपी हा शब्द उमटवणं सक्तीचं आहे, जुन्या निवडणुकीचे बिल्ले नव्याने केले तर त्यावर बनवल्याचं वर्ष घालणं सक्तीचं आहे. खेळणी मात्र त्यात नाहीत. बोटाच्या पेराएवढ्या नाण्यावर कॉपी लिहायला जागा मिळते, मग हातभर लांबीच्या इंजिनावर का मिळू नये?

कंपन्यांनी पत्रा दाबतानाच साच्यातून कंपनीचं नाव आणि वर्ष उठवून घ्यावं. स्टिकर नको, रबरी शिक्का नको, सुटी पट्टी नको. पत्र्यात खोल दाबलेली अक्षरं घासून काढायची तर पत्रा पातळ होतो, मागच्या बाजूला उठाव राहतो, ती लबाडी लपत नाही. आणि नुसतं एका जागी नाही, इंजिनाची फ्रेम, कवच आणि प्रत्येक डब्याचा तळ, तिन्ही ठिकाणी, कारण आता खरी इंजिनं आणि नवी कवचं अशी खिचडीही बाजारात येते. सुट्या भागांवरही शक्य असेल तिथे, चाकाच्या आतल्या बाजूला एखादं अक्षर ओतायला किती खर्च येणार. काही उत्पादक हे करतात, त्यांचं कौतुकच आहे. जे करत नाहीत त्यांचं म्हणणं असतं की गिऱ्हाइकाला हुबेहूब हवं असतं, खूण दिसली की मजा जाते. अहो, गाडी उलटी करून तळ कोण बघतं? गिऱ्हाईक तर नाहीच, ज्याला तपासायचंय तोच बघतो आणि ती खूण त्याच्यासाठीच आहे.

किमती पडल्या त्या रिप्रॉडक्शनमुळे, हा आरोप लेखातही होता, तो मला अर्धवट वाटतो. ज्यांनी लहानपणी या गाड्या हट्टाने मागितल्या, मिळाल्या नाहीत आणि मोठेपणी कमावल्यावर घेतल्या ती पिढीच आता थकली, त्यांचे संग्रह एकामागून एक बाजारात येतायत आणि घेणारे तेवढे नाहीत. शिवाय १९९५ मध्ये ईबे ही ऑनलाइन लिलावाची साइट आली आणि आपल्याला जे दुर्मिळ वाटत होतं ते घरोघरी पडलेलं आहे हे सगळ्या जगाला दिसलं. साध्या, भरपूर बनलेल्या गाड्या त्यामुळे उतरल्या. जे खरोखर थोडं आहे आणि चांगल्या अवस्थेत आहे त्याला अजूनही गिऱ्हाईक थांबून आहे. रिप्रॉडक्शनने फरक पडला तो एवढाच की ज्याला फक्त चालवायला गाडी हवी होती तो ओरिजिनलच्या रांगेतून बाहेर पडला, आणि मला तर ते बरंच वाटतं, कारण त्यामुळे एखादं चांगलं राहिलेलं ओरिजिनल रोज रुळावर झिजायचं वाचलं.

कंपन्या ऐकतील तेव्हा ऐकतील. तोवर ज्यांच्या घरात रिप्रॉडक्शन आहे त्यांनी स्वतः एक काम करावं, विशेषतः ज्यांच्याकडे १९७० आणि ८० च्या दशकातल्या बिनखुणेच्या गाड्या आहेत त्यांनी. खरेदीची पावती, कॅटलॉगचं पान जे काही असेल ते गाडीबरोबर ठेवा, पण त्याच्यावर विसंबू नका, कागद हरवतो. नक्षीकामाचा छोटा इलेक्ट्रिक एनग्रेव्हर मिळतो त्याने फ्रेमच्या आतल्या बाजूला, मोटर बसते तिच्या शेजारच्या सपाट पत्र्यावर, रिप्रॉडक्शन असं लिहा आणि बनल्याचं वर्ष माहीत असेल तर ते लिहा. आधी मोटर बाहेर काढा म्हणजे पत्र्याचा कीस तिच्यात जाणार नाही, अक्षरं बोटाला लागतील इतकी खोल घ्या, आणि डब्यांना विसरू नका, त्यांच्या तळाला चाकांच्या दोन्ही जोडांच्या मधोमध भरपूर जागा असते.

कळावे,
पत्र्याच्या गाड्यांचा एक संग्राहक आणि तुमचा नियमित वाचक